शिलेदाराची गाडी

१

'स्पोर्ट्‌स कार' या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. 'क्रीडायान' असा एखादा शब्द घडवता येईल. पण तो ऐकताच बागेतली लहान मुलांची झुकझुकगाडी डोळ्यांपुढे येते. शब्द नसणे ही दर वेळी भाषेच्या दारिद्र्याची खूण असते असे नाही. ज्या वस्तूशी व्यवहार नाही तिला समाज नाव देत नाही. फार तर नावे ठेवतो. वाहनाकडे पाहण्याची आपली दृष्टी उपयोगाची आहे. नवी गाडी दारात उभी राहिली की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती माणसे बसतात, आणि लिटरला किती देते? ज्या गाडीत दोनच माणसे बसतात, सामानाला जागा नाही, पावसात टप गळतो आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो, तिच्यासाठी कुणी पैसे का मोजावेत, हे आम्हालाही पुष्कळ दिवस उमगले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एक जण इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ राहणाऱ्या भाच्याकडे गेली होती. रविवारी सकाळी डर्बीशायरच्या डोंगराळ भागात जायचे ठरले आणि भाच्याने गॅरेजमधून जी गाडी बाहेर काढली ती पाहून मावशी दारातच थबकली. माझदाची जुनी एमएक्स-५. खुली, दोन आसनी, जमिनीला टेकल्यासारखी. शिदोरीचा डबा मांडीवर घेऊन बसावे लागले. घरात आठ महिन्यांचे मूल होते. "अरे, एवढ्याशा गाडीत तुम्हा तिघांचं कसं व्हायचं?" मावशीने विचारले. "नाहीच होणार, मावशी. म्हणून तर विकावी का, हा विचार चाललाय." त्यानंतरच्या दोन तासांत त्याने वेगमर्यादा एकदाही ओलांडली नाही, आणि तरी घरी परतला तेव्हा त्याचा चेहरा विहिरीत मनसोक्त पोहून आलेल्या मुलासारखा झाला होता.

तो चेहरा या लेखाचे निमित्त आहे. वेग नव्हता, मिरवणेही नव्हते, कारण त्या डोंगरात पाहायला मेंढ्यांखेरीज कुणी नव्हते. मग हा आनंद कशाचा? आम्ही मराठी शिकवणारी माणसे; यंत्रशास्त्रात आमची गती नाही. पण एखाद्या आनंदाचा इतिहास शोधणे हे आमच्या विषयाला परके नाही. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

२

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले आहे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराच्या घोड्याची चंदी, नालबंदी आणि आजारपण ही पागेची जबाबदारी. शिलेदाराच्या घोड्याचे सारे शिलेदाराच्या डोक्यावर. रणात घोडा पडला तर बारगिराला दुसरा मिळे, शिलेदाराचे मात्र घरच बसे. म्हणून शिलेदार जपून लढतो असा आक्षेपही त्याच्यावर घेतला गेला. एवढे असूनही 'शिलेदार' या शब्दाला जे तेज चढले ते 'बारगीर' या शब्दाला चढले नाही. मराठीने आपला कौल देऊन ठेवला आहे.

आधुनिक माणूस प्रवासाच्या बाबतीत बहुतांशी बारगीर आहे. एसटी, लोकल आणि विमान ही सगळी पागाच. घरची मोटारही पुष्कळदा कुटुंबाची, कचेरीची, कर्जाच्या हप्त्याची असते. आपण तिच्यावर नेमलेले असतो. स्पोर्ट्‌स कारच्या मालकीचा आनंद समजून घ्यायचा तर ती गाडी 'कुठे पोचवते' हा प्रश्न बाजूला ठेवून 'घोड्यावर मांड कशी बसते' हा प्रश्न विचारावा लागतो. आणि तो विचारला की या गाडीचा इतिहास श्रीमंतीच्या इतिहासापासून वेगळा होऊ लागतो.

दोन गाड्या शेजारी ठेवून पाहू. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी एकोणीसशे तिशीच्या मध्यावर एक ड्यूसेनबर्ग करवून घेतली. सांगाडा आणि यंत्र अमेरिकेतले, वरचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या नामांकित कारागिरांनी बांधलेले, रंग केशरी आणि काळा. यंत्राला आठ सिलिंडर, क्षमता जवळजवळ सात लिटर, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे शक्ती ३२० घोड्यांची. माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत बांधवून घेणारे हे महाराज रसिक होते यात शंका नाही, आणि ती गाडी आजही जगातल्या देखण्या गाड्यांत गणली जाते. पण तिची ख्याती मुख्यतः एक वस्तू म्हणून आहे. ती कुणाची, कुणी घडवली, रंग कोणता, हेच तिच्याविषयी लिहिले जाते. ज्या घराण्याचा लौकिक घोडदळावर उभा राहिला त्याच घराण्यातली ही गाडी अंबारीच्या हत्तीची वारसदार वाटते.

दुसरी गाडी एमजी मिजेट. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधल्या 'मॉरिस गॅरेजेस'चे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी ती योजली आणि १९२८च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडली. पुढच्या वर्षी ती विक्रीला आली. मॉरिस मायनर या स्वस्त घरगुती गाडीचाच सांगाडा, तिचेच ८४७ सीसीचे यंत्र, सुमारे २० अश्वशक्ती, लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेले होडीच्या आकाराचे अंग, आणि किंमत १७५ पौंड. आजच्या आपल्याकडच्या स्वस्तातल्या स्वस्त मोटारीची शक्तीही तिच्याहून अधिक असते. किंबर यांनी या गाडीत भर घातली ती थोडी, काढून टाकले ते पुष्कळ. मागची आसने गेली, पक्के छत गेले, वजन गेले. उरले ते चाक, तरफा, दोन माणसे आणि रस्ता.

या दोन गाड्यांतले अंतर किमतीचे आहेच. आम्हाला ते सुखाच्या प्रकारांतले अंतर वाटते. एक सुख बाळगण्याचे, दुसरे मांड टाकण्याचे. पहिल्याला संपत्ती लागते. दुसऱ्याला लागते ते काहीतरी सोडून देण्याची तयारी.

३

किंबर यांची १९४१ साली कंपनीतून गच्छंती झाली आणि फेब्रुवारी १९४५मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरील रेल्वे अपघातात ते मरण पावले. आयुष्यभर लोकांना स्वतःच्या हाताने गाडी हाकायला शिकवणारा माणूस रेल्वेच्या डब्यात बसलेला असताना गेला. त्याच वर्षी युद्ध संपले आणि ॲबिंगडनच्या कारखान्यातून मिजेटची नवी आवृत्ती बाहेर पडली, ती 'टीसी'. १२५० सीसी, ५४ अश्वशक्ती, तारेच्या आऱ्यांची उंच चाके, ॲश लाकडाची चौकट. रचना सारी युद्धापूर्वीची. १९४९पर्यंत अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या.

या गाडीची कथा सांगताना हटकून म्हटले जाते की इंग्लंडमध्ये तळ ठोकलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती पाहिली, तिच्या प्रेमात पडले आणि ती घरी नेली. कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले होते; डॉलर मिळवून आणणाऱ्या कारखान्यालाच पोलाद मिळत होते. त्यामुळे निर्यात ही गरज होती. आणि अमेरिकेत अधिकृतपणे गेलेल्या टीसी जेमतेम दोन हजार भरतात. उरलेल्या ब्रिटनमध्ये आणि जगभरच्या इतर देशांत गेल्या.

तरीही त्या दोन हजारांनी अमेरिकेत जे केले ते अभ्यासण्याजोगे आहे. तिथे गाड्या मोठ्या होत्या, रस्ते सरळ होते, पेट्रोल स्वस्त होते. टीसीचे चाक उजव्या बाजूला, म्हणजे तिथल्या रस्त्यांवर चुकीच्या बाजूला. तिच्यात ऊब आणणारे यंत्र नाही, सामानाला जागा नाही, आणि तिथल्या साध्या कौटुंबिक गाडीने तिला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकावे. उपयोगाच्या कोणत्याही मोजपट्टीवर ती नापास. पण वळणावर चाक फिरवताच ती वळे, गिअर बदलला की तो हाताला कळे, रस्त्याचा पोत आसनातून जाणवे. अमेरिकन मोटारीने चालकाला दिवाणखान्यात बसवले होते. या गाडीने त्याला उठवून खोगिरावर बसवले. एका शनिवारी गाडी काढावी, हमरस्ता सोडून आडवाट धरावी आणि कुठेही न जाता परत यावे, ही रीत तिथे रुजली. १९५० साली आलेल्या 'टीडी'ला डावे चाक मिळाले आणि तिच्या सुमारे ३० हजार गाड्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. पुढच्या 'एमजीए'ने एक लाखाचा आकडा ओलांडला. कर्जबाजारी देशाच्या तिजोरीला एका निरुपयोगी वस्तूने हातभार लावला. निरुपयोगी गोष्टींना कमी लेखणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी, असे आम्हाला वाटते; मराठीचे प्राध्यापक म्हणून त्यात आमचा थोडा स्वार्थही आहे.

४

१९५८ साली डोनाल्ड हीली यांच्या कल्पनेतून 'ऑस्टिन-हीली स्प्राइट' आली. बॉनेटवर उभारलेल्या दोन दिव्यांमुळे ब्रिटिशांनी तिला 'बेडूकडोळी' म्हटले. तिला डिकीचे झाकण नव्हते. सामान ठेवायचे तर आसनामागून वाकून आत सरकवायचे. दाराला बाहेरून मूठ नव्हती; आत हात घालून दार उघडायचे. खिडक्यांना काच नव्हती. पुढचा बंपर हवा असेल तर वेगळे पैसे. यंत्र ९४८ सीसीचे, घरगुती ऑस्टिन गाडीतून घेतलेले. हे सगळे वाचताना कंजूषपणा वाटतो, पण या गाडीवर प्रेम करणाऱ्यांची संख्या पाहिली की कंजूषपणा आणि अल्पाक्षरत्व यांतला भेद ध्यानात येतो. ओवी साडेतीन चरणांची असते. तो उरलेला अर्धा चरण कुणी चोरलेला नसतो.

याच वाटेवरचे टोक म्हणजे १९५७ सालची कॉलिन चॅपमन यांची 'लोटस सेव्हन'. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, दारे नाहीत, वजन पाचशे किलोच्या आसपास. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ही गाडी पेट्यांत भरून घरी येई आणि मालक ती आपल्या हातांनी जोडी. कर वाचवणे हा हेतू, पण परिणाम वेगळाच झाला. ज्याने आपल्या गाडीचा प्रत्येक नट स्वतः आवळला त्याला ती चालवताना कोणता आवाज कुठून येतो हे सांगावे लागत नसे. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली; त्याच वर्षी 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीकडे गेले आणि केटरहॅमने ती गाडी पुढे चालू ठेवली. कराचे कारण संपल्यावरही ती सुट्या भागांत मागवणारे लोक राहिले. करापेक्षा अधिक काहीतरी त्यात होते, हे यावरून उघड आहे.

ही निवडीची भाषा आहे. साध्या गाडीचा ग्राहक विचारतो, 'यात काय काय आहे?' या गाडीचा ग्राहक विचारतो, 'यात काय काय नाही?'

५

आता अवघड प्रश्न. हा सारा आनंद शेवटी वेगाचाच नाही का? आणि वेगाची किंमत कोण देतो?

साहित्याला या यंत्राची भुरळ पहिल्यापासून पडली. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ सालच्या 'द विंड इन द विलोज' मधला टोड मोटारीच्या वेडापायी चोरी करतो आणि तुरुंगात जातो. पुढच्याच वर्षी मारिनेत्ती यांनी फ्युचरिझमच्या जाहीरनाम्यात धावत्या मोटारीला ग्रीक शिल्पाहून सुंदर ठरवले. ग्रॅहम यांच्या मुलांच्या गोष्टीत जी समज आहे ती मारिनेत्तींच्या जाहीरनाम्यात नाही, असे आमचे मत आहे. टोडचे वेड हास्यास्पद आहे हे ग्रॅहम यांना दिसत होते. मारिनेत्तींनी त्याचे तत्त्वज्ञान केले, आणि ते तत्त्वज्ञान युद्धाच्या गौरवापर्यंत जाऊन पोचले.

फ्रान्समध्ये याचे पडसाद लेखकांच्या आयुष्यात उमटले. फ्रान्स्वाझ सागाँ यांची पहिली कादंबरी १९५४ साली, त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षी आली आणि त्या पैशातून त्यांनी जॅग्वार घेतली. एप्रिल १९५७मध्ये त्यांची ॲस्टन मार्टिन रस्त्याबाहेर जाऊन उलटली. त्या मरता मरता वाचल्या, पण उपचारात दिलेल्या वेदनाशामकाचे व्यसन त्यांना जडले. १९८४ सालच्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी वेगावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. अपघाताने त्यांचे ते प्रेम आटले नव्हते. ४ जानेवारी १९६० रोजी आल्बेर कामू गेले ते मिशेल गालिमार यांच्या फासेल वेगा या वेगवान, ऐषारामी गाडीत. कामू चालवत नव्हते. त्यांच्या खिशात रेल्वेचे न वापरलेले तिकीट होते, आणि घटनास्थळी सापडलेल्या पिशवीत एका अपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित; ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. गालिमारही काही दिवसांत वारले. त्याआधी, जून १९५५मध्ये ल मान्सच्या शर्यतीत एक गाडी उडून प्रेक्षकांत कोसळली होती आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. ती केवळ पाहायला आलेली माणसे होती.

या मृत्यूंना 'रोमँटिक' म्हणण्याची सवय समीक्षेने सोडून द्यावी. आपल्या रस्त्यांवर दररोज जे घडते ते वर्तमानपत्रात वाचणाऱ्या माणसाला ती सवय परवडणारी नाही. महागड्या गाडीने पदपथावरच्या माणसाला चिरडल्याची बातमी आपल्याला नवी नाही, आणि अशा बातमीनंतर कुठल्याही वेगवान गाडीच्या आनंदाविषयी बोलणे अश्लाघ्य वाटते हे आम्ही जाणतो.

पण इतिहास नीट वाचला तर एक भेद दिसतो, आणि आमच्या मते या लेखातले महत्त्वाचे म्हणणे तेच आहे. मिजेट, स्प्राइट, टीसी या गाड्या वेगवान नव्हत्या. त्यांच्यात बसलेल्याला वेग 'जाणवे', कारण आसन जमिनीलगत होते, वारा तोंडावर होता, आणि चाक व रस्ता यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. ताशी साठ किलोमीटरला जे मिळे त्यासाठी जड, बंद, शक्तिमान गाडीत दीडशे गाठावे लागतात. ज्या गाडीने चालकाला रस्त्यापासून तोडले तिला ती जाणीव परत मिळवून द्यायला वेग विकावा लागतो. संवेदना कमी केली की मात्रा वाढवावी लागते, हा व्यसनाचाही नियम आहे. शिलेदारावरचा आक्षेप आठवा: तो घोड्याला जपतो. आपल्या हाताने जोडलेल्या, आपल्या कानाने ओळखीच्या झालेल्या गाडीचा मालक तिला भिंतीवर घालायला सहसा निघत नाही. तो आक्षेप आम्हाला स्तुतीसारखा वाटतो.

म्हणून मालकीतली खरी निवड शक्तीच्या आकड्यांत नसते. कोणत्या वेगाला आनंद सुरू होतो, हे आधी ठरवावे लागते. जो आनंद कायद्याच्या आत आणि इतरांच्या जिवाला धक्का न लावता मिळत नाही, तो देणारी गाडी सार्वजनिक रस्त्यावर मालकाला बारगीरच बनवते. फक्त तिथे पागा यंत्राची असते.

६

१९६२ साली आलेली 'एमजीबी' या परंपरेतली सर्वांत यशस्वी गाडी. १८ वर्षांत ती पाच लाखांहून अधिक विकली गेली. तिचा शेवट मात्र बोधप्रद आहे. अमेरिकेत १९६६ साली वाहनसुरक्षेचा कायदा झाला, १९७०मध्ये हवेच्या शुद्धतेचा. दोन्ही कायदे आवश्यक होते. त्यांनी असंख्य जीव वाचवले. चांगल्या कारखान्याने त्यांना उत्तर म्हणून नवी गाडी योजली असती. पण एमजी १९६८पासून ब्रिटिश लेलँड या अवाढव्य समूहाचा भाग होती आणि नव्या गाडीसाठी पैसा नव्हता. १९७४च्या उत्तरार्धात जुन्याच गाडीला काळ्या रबराचे जाडजूड बंपर बसवले गेले आणि नियमातली उंची गाठण्यासाठी अख्खी गाडीच वर उचलली गेली. वळणावर ती झोकांडू लागली. धुराचे नियम पाळताना अमेरिकेतल्या गाडीची शक्ती ९५ वरून सत्तरीच्याही खाली आली. ऑक्टोबर १९८०मध्ये ॲबिंगडनचा कारखाना बंद झाला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. आकृतिबंध मोडत नाही, पण त्यामागचा विचार निघून जातो. मग प्रत्येक नवी अट वरून डकवली जाते. छंद शाबूत, कविता गेलेली. उघड्या गाड्यांचा काळच संपला, असे तेव्हा जाणकार म्हणत होते. १९७४पासून अमेरिकेत वेगमर्यादा ताशी ५५ मैल झाली होती. आता स्पोर्ट्‌स कार हवी कुणाला, असा प्रश्न होता.

७

त्याचे उत्तर हिरोशिमाहून आले. बॉब हॉल नावाच्या, जपानी भाषा जाणणाऱ्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने सत्तरीच्या दशकात माझदाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांना सुचवले होते की जुन्या ब्रिटिश वळणाची साधी, हलकी, उघडी गाडी आता कुणीच करत नाही, तुम्ही करा. १९८१ साली हॉल माझदाच्या अमेरिकेतल्या शाखेत रुजू झाले. पुढे तीन आराखडे स्पर्धेत उतरले: यंत्र पुढे व ओढ पुढच्या चाकांची, यंत्र मध्यभागी, आणि यंत्र पुढे व ओढ मागच्या चाकांची. पहिला स्वस्त पडला असता, दुसरा फॅशनमध्ये होता. निवडला गेला तिसरा, कॅलिफोर्नियाच्या चमूचा, सर्वांत जुन्या वळणाचा. त्याचा पहिला चालता नमुना १९८५ साली इंग्लंडमध्येच, वर्दिंग येथे बांधला गेला.

प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी या गाडीसाठी जे सूत्र धरले ते 'जिनबा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकदेह. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या जपानी धनुर्धरांच्या परंपरेतला हा शब्द. आमच्या भाषेत याला पक्की मांड म्हणतात. हिराई यांच्या चमूने हे सूत्र भिंतीवर टांगून ठेवले नाही. गिअरचा दांडा किती कमी अंतर सरकावा, चाकाचा भार हाताला किती लागावा, धुराड्याचा आवाज कसा असावा, हे एकेक करून ठरवले. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी मांडली गेली: १६०० सीसीच्या आसपासचे यंत्र, ११६ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आत, अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. तिथे तिचे नाव 'मियाटा'. हा जुन्या उच्च जर्मन भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ बक्षीस, असे सांगितले जाते. सुरक्षेचे आणि धुराचे सारे नियम तिने पाळले. एमजीबीला जे शक्य झाले नाही ते या गाडीला शक्य झाले, कारण नियम आधी ध्यानात घेऊन ती मुळापासून रचलेली होती.

२०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली. २०१५ साली आलेली चौथी पिढी तिच्या आधीच्या पिढीहून आखूड आणि हलकी आहे. मोटारीच्या जगात नवी आवृत्ती जुनीहून मोठी असण्याचा अलिखित दंडक आहे. तो मोडण्याला आम्ही संपादन म्हणू.

८

मालकीविषयी एक गोष्ट उरली. जुनी गाडी बाळगणाऱ्यांपुढे एक पेच नेहमी असतो: ती कारखान्यातून आली तशी ठेवावी, की चालवायला सोयीची करावी? रबरी बंपरच्या एमजीबीचे कित्येक मालक ते बंपर काढून जुने चकचकीत बंपर लावतात आणि गाडी मूळ उंचीवर आणतात. १९८८पासून तर गंजलेल्या एमजीबीसाठी जुन्याच साच्यांतून काढलेले संपूर्ण नवे अंग विकत मिळू लागले. अशा गाडीत मूळ किती उरते? आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. हा प्रश्न आम्हाला रोजचा आहे. भ्रष्ट पाठ जसाच्या तसा छापावा, की कवीच्या मनातला पाठ शोधावा? दोन्ही पक्षांना आधार आहे. पण दोन्ही पक्षांचे संपादक पोथी उघडतात, हे महत्त्वाचे. कपाटात कुलूपबंद पोथीला पाठभेद नसतात, आणि वाचकही. लिलावात विकत घेऊन वातानुकूलित खोलीत झाकून ठेवलेल्या गाडीची गत तीच.

आज मोटारी जड होत आहेत, बंद होत आहेत, आणि चालकाची कामे एकेक करून स्वतःकडे घेत आहेत. त्यातले बरेचसे योग्य आहे. थकलेल्या, झोपाळू, घाईतल्या माणसाच्या हातातून लगाम काढून घेतलेला बरा. आपण सर्व जण पुन्हा पागेत जाऊ, आणि बहुधा अधिक सुरक्षित असू. आमची मागणी एवढीच की जाताना काय सोडून चाललो आहोत याची नोंद असावी. आपल्या हाताने, आपल्या जबाबदारीवर, कुठेही पोचण्याचे नसताना केलेली गोष्ट माणसाला काय देते, हे ज्या थोड्या वस्तूंनी स्वस्तात शिकवले त्यांत ही लहानशी दोन आसनी गाडी होती.

भाच्याने ती गाडी अखेर विकली. घेणारी बाई साठीची, नुकतीच निवृत्त झालेली शाळामास्तरीण होती. मुले मोठी होऊन घराबाहेर पडली होती, तेव्हा दोन आसने तिला पुरेशी होती. किल्ली देण्याआधी त्याने तिला अर्धा तास बसवून टप उघडण्याची खुबी, थंडीत दुसरा गिअर जरा हळू टाकण्याची सवय आणि पाणी कुठून ठिबकते ती जागा, सारे समजावून सांगितले. मावशीला फोनवर हे सांगताना तो म्हणाला की तिने सगळे वहीत लिहून घेतले.